वाड्याचे सीईओ

असा एक माणूस हल्ली बहुतेक गावांत सापडतो. कुरुंदवाडातला आमच्याच गल्लीत राहतो. वय पंचेचाळिशीच्या आत, दाढी मुद्दाम राखलेली, पायांत कोल्हापुरी चप्पल, पण ती पुण्याच्या मॉलमधून घेतलेली. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर होता. एके दिवशी राजीनामा देऊन आला आणि वाड्याच्या चौकात उभा राहून म्हणाला, "आता मुळांकडे परतायचं." शेजारच्या आक्कांनी तेवढ्यात अर्थ लावला, "म्हणजे पगार थांबला म्हण की." त्या दिवसापासून माघारी सगळे त्याला 'सीईओ' म्हणतात. तोंडावर 'दादा'.

या जमातीला एक आराध्य दैवतही आहे. पांडुरंग तावरे यांनी संगणक क्षेत्रातली नोकरी सोडली आणि बारामती तालुक्यात पळशीवाडीला 2005च्या सुमारास कृषी पर्यटन उभं केलं. पुढे 2020 साली राज्याचं कृषी पर्यटन धोरणसुद्धा आलं. सीईओंच्या तोंडी हे नाव दिवसातून एकदा तरी येतंच. तावऱ्यांनी शेत दाखवलं, आपण वाडा दाखवायचा. सात खोल्यांचं बुटीक हॉटेल, तेही नदीकाठी. एवढा सरळ हिशेब.

वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर मात्र अकरा नावं निघाली. ज्या गावात पटवर्धनांच्या संस्थानाचीच थोरली पाती आणि धाकटी पाती झाली, तिथे हे कमीच म्हणायचं. संस्थान 1948 साली मुकाट्याने विलीन झालं, पण इचलकरंजीच्या चुलत्यांची एक सही मिळवायला सीईओंना दोन दिवाळ्या गेल्या. चुलत्यांची अट एकच होती, "आमची खोली आमचीच राहील. आम्ही आलो की उघडायची." म्हणजे खोल्या झाल्या सहा.

मग पुण्याचा आर्किटेक्ट आला. त्याने नदीकडच्या बाजूला तळमजल्यावर काचेची बैठक काढली. आमच्या गवंड्याने नकाशा उलटसुलट करून पाहिला, भिंतीवरच्या खुणा दाखवल्या, "हे 2005चं पाणी, हे 2019चं," आणि विचारलं, "दादा, सोफा स्क्रूनं बसवू का सुटा ठेवू? दर जुलैला माडीवर न्यायला लागंल." निळी पूररेषा पंचवीस वर्षांतल्या पुराची आणि लाल शंभर वर्षांतल्या, हे सीईओंना प्रेझेंटेशनमध्ये पाठ होतं. पण 2019 नंतर पुढचा महापूर 2021 सालीच आला. शंभर वर्षं मोजायचं काम नदीला कुणी सांगितलेलं नसावं.

तरीही गडी हटला नाही. त्याने थेट 'दक्षिणद्वार पॅकेज' काढलं. नरसोबाच्या वाडीत पाणी चढतं, उत्तरेकडून देवळात शिरतं आणि पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडतं. त्या पाण्यात स्नान करायला गावोगावची माणसं धावतात. मागणी पक्की, पण तारीख कोण सांगणार? धरण सोडणारे सांगत नाहीत, अलमट्टी अडवणारे सांगत नाहीत. आणि पाणी त्याहून थोडं चढलं की रस्तेच बंद. पावसाळ्यात सीईओ सकाळी उठल्यावर बुकिंगच्या आधी राजाराम बंधाऱ्याचे फूट बघतात. 39 म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका, आणि दोन्हींचा अर्थ 'पैसे परत'.

बाकी पॅकेजं बरी चालतात. खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, अठ्ठेचाळीस खांबांचा स्वर्गमंडप, सगळं पाहून बंगळुरूच्या एका पाहुण्याने "नंदी कुठाय?" म्हणून तक्रार नोंदवली. नंदी नदीपलीकडे कर्नाटकात, यडूरला आहे. त्याची भरपाई कुणी द्यायची? मशिदीत गणपती बसतो, हे आमच्या गावात कुणाला सांगावंही लागत नाही. सीईओंच्या माहितीपत्रकात त्याचं 'कल्चरल इमर्शन' झालं, आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

खरी गंमत झाली ती सीईओ स्पर्धकांचा अभ्यास करायला पंचगंगा ओलांडून वाडीत गेले तेव्हा. एका पुजाऱ्यांच्या घरी गेले. काकूंनी आधी "कुणाचे तुम्ही?" विचारलं आणि मग ह्यांच्या आजोबांचं नाव स्वतःच सांगितलं. ते गुरुद्वादशीला यायचे आणि कढी दोनदा मागायचे, हेही सांगितलं. चार खोल्या, पहाटे काकड आरतीच्या आधी तापलेलं पाणी, दुपारी पंगतीला गरम भात, रात्री पालखी. सीईओ वहीत लिहीत राहिले: 'मर्यादित खोल्या, ग्राहकाची वैयक्तिक माहिती, तीन पिढ्यांची निष्ठा.' शेवटी त्यांनी विचारलं, "काकू, तुमचा यूएसपी काय?" काकूंनी अर्थ विचारला. 'तुमच्याकडेच माणसं का येतात' असं समजावून सांगितल्यावर म्हणाल्या, "आमच्याकडं कुठं? ती देवाकडं येतात. आम्ही फक्त जेवायला वाढतो." नदीपलीकडून परतलेला माणूस दोन दिवस गप्प होता. मला विचाराल तर, बुटीक हॉटेलची सगळी विद्या त्या चार खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. फक्त तिथे कुणी बिलाचं सॉफ्टवेअर घेतलं नाही.

सीईओंना त्रास आहे तो घरच्यांचाच. त्यांच्या आई पाहुण्यांना बासुंदीची तिसरी वाटी आग्रहाने वाढतात आणि ती बिलात धरू देत नाहीत. जाताना लेकीसुनांची ओटी भरतात. हिशेबात 'खण-नारळ' हा खर्च कुठे टाकायचा, यावर सांगलीच्या सीएचा अजून निर्णय झालेला नाही. महापुराच्या आठवड्यात तर हॉटेल पहिल्यांदाच पूर्ण भरलं. माडीवरच्या सगळ्या खोल्या, जिना, गच्चीसुद्धा. सगळे नातेवाईक आणि वरच्या अंगणात त्यांच्या दोन म्हशी. ऑक्युपन्सी शंभर टक्क्यांच्या वर आणि जमा शून्य. शिवाय आत्या जाताना म्हणाल्या, "गाद्या जरा पातळ आहेत बघ."

त्यावर सीईओंनी आता नवीन दरपत्रक केलंय. त्यात 'नातं' असा स्वतंत्र रकाना आहे. सख्खे शंभर टक्के सवलत, चुलत पन्नास, गल्लीतले पंचवीस, 'दादा' म्हणणारे दहा. आपण नक्की कुठल्या रकान्यात बसतो ते विचारायला आम्ही आज संध्याकाळी जाणार आहोत. जेवायच्या वेळेलाच.