मागून, चोरून आणि प्रमाणपत्रासह

शहरी महाराष्ट्रातील बागकामाचा अभ्यास रोपवाटिकांच्या विक्रीवरून करू पाहणारा संशोधक फसण्याचा संभव मोठा आहे. कारण मध्यमवर्गीय गॅलरीत पैसे मोजून आणलेली झाडे बहुधा पहिल्याच उन्हाळ्यात निवर्ततात, आणि जी टिकतात ती शेजारून, माहेराहून, कचेरीतल्या खिडकीतून किंवा एखाद्या अनोळखी बंगल्याच्या कुंपणाबाहेर डोकावणाऱ्या फांदीवरून आलेली असतात. या देवाणघेवाणीस सोयीसाठी ‘कुंडीव्यवहार’ म्हणता येईल. तिचे पारंपरिक प्रकार तीन, म्हणजे मागणे, चोरणे आणि वाणात मिळणे. मेळाव्याला उपस्थित राहून प्रमाणपत्रासह रोप मिळवणे हा चौथा प्रकार अलीकडचा असून, बॅनर, ध्वनिक्षेपक आणि अल्पोपाहार हे तिन्ही त्या एकट्याच्याच वाट्याला आले आहेत.

मागण्याच्या प्रकारात ‘द्या’ हे क्रियापद कधीही उच्चारले जात नाही, हे त्याचे पहिले लक्षण होय. मागणारी व्यक्ती कुंडीसमोर उभी राहून “किती छान फुटलंय हो तुमच्याकडे,” एवढेच म्हणते, आणि हे कौतुक नसून अर्ज आहे हे कुंडीच्या मालकिणीला तत्क्षणी कळते. त्यावर “पावसाळ्यात देते हं” हे उत्तर ठरलेले असते. पावसात फांदी लवकर मूळ धरते, त्यामुळे या उत्तराला शास्त्राचा आधार आहेच. शिवाय जानेवारीत दिलेले हे आश्वासन जूनपर्यंत दोन्ही बाजूंना विसरण्याची पुरेशी संधी देते, ही त्याची दुसरी उपयुक्तता.

चोरीचा प्रकार मुख्यतः मनीप्लांटभोवती उभा आहे. हा वेल मूळचा दक्षिण पॅसिफिकमधील मोरेआ बेटाचा मानला जातो आणि तो जवळजवळ कधीच फुलत नाही. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून घरोघरीचा प्रत्येक मनीप्लांट हा दुसऱ्या कोणत्या तरी मनीप्लांटचा तोडलेला तुकडा असतो. ‘चोरून आणला तरच तो वाढतो’ हा समज या वनस्पतिशास्त्रीय अडचणीवर समाजाने काढलेला तोडगा असावा. विकत घेतलेला वेल लाभत नाही आणि मागितलेला वाढत नाही अशी एकदा खात्री पटल्यावर सभ्य माणसाला चोरीवाचून मार्ग उरत नाही. त्यातही ही चोरी बहुतेक वेळा मालकिणीच्या संमतीनेच होते. पाहुणीची नजर वेलाच्या शेंड्यावर खिळलेली दिसली, की मालकीण चहा ठेवायचे निमित्त करून आत जाते आणि आवश्यक तेवढा वेळ आतच थांबते, कारण समोरासमोर दिल्याने गुण जातो हे तिलाही ठाऊक असते. तिचा वेलही तसाच आलेला असतो.

वाणाचा प्रकार संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतच्या हळदीकुंकवांत दिसतो. सवाष्णींना वस्तू ‘लुटण्याची’ ही रीत जुनी. पूर्वी कंगवे, मग स्टीलच्या वाट्या, मग प्लॅस्टिकचे डबे असा तिचा प्रवास होऊन आता ती तुळशीच्या आणि गवती चहाच्या रोपांपर्यंत आली आहे. यात एक भाषिक योगायोगही आहे. शेतकऱ्याच्या बोलीत ‘वाण’ म्हणजे बियाण्याची जात, हळदीकुंकवात ‘वाण’ म्हणजे देण्याची वस्तू, आणि ढवळ्या-पवळ्याच्या म्हणीत ‘वाण’ म्हणजे रंग. एकाच इमारतीतील सतरा गॅलऱ्यांत एकाच वर्षी लुटलेला गवती चहा माजलेला दिसतो तेव्हा पवळ्याला वाण आणि गुण दोन्ही लागल्याचे मान्य करावे लागते.

आता चौथा प्रकार. हरित मेळावा, पर्यावरण सप्ताह, रोप-अदलाबदल अशा विविध नावांनी तो सोसायट्यांच्या क्लबहाउसांत आणि नगरसेवकांच्या सौजन्याने भरतो, आणि त्याचा मुहूर्त शक्यतो ५ जून हा असतो. हा जागतिक पर्यावरण दिन, कारण १९७२ साली मानवी पर्यावरणाविषयीची संयुक्त राष्ट्रांची परिषद स्टॉकहोम येथे त्या दिवशी सुरू झाली. स्वीडनमध्ये ही तारीख अत्यंत सोयीची असणार. महाराष्ट्रात मात्र मृग नक्षत्र ७ किंवा ८ जूनला लागते आणि पाऊस त्यानंतर आपल्या मर्जीने येतो, त्यामुळे ५ जूनला लावलेले रोप पहिले काही दिवस टँकरच्या भरवशावर काढते. परिषदेच्या आयोजकांनी दाते पंचांग पाहून आणखी दोन-तीन दिवस थांबणे अशक्य नव्हते. कन्हैयालाल मुन्शी यांनी केंद्रीय मंत्री असताना १९५० साली सुरू केलेला वनमहोत्सव जुलैच्या पहिल्या आठवड्यात येतो, आणि हवामानाच्या दृष्टीने तो कितीतरी शहाणपणाचा आहे. परंतु तोपर्यंत बॅनर उतरलेला असतो.

रोप-अदलाबदलीच्या टेबलावर अर्थशास्त्राचा एक नियम निरपवादपणे प्रत्ययास येतो. ज्या झाडाला आपोआप पिल्ले फुटतात तेच लोक आणतात, आणि ज्याला फुटत नाहीत तेच न्यायला येतात. म्हणून टेबलावर कोरफड, कढीपत्त्याच्या मुळांतून निघालेली पोरे आणि पानफुटी यांची रास पडते, तर येणारा प्रत्येक जण गुलाब कोणता आहे हे विचारतो. गुलाब कोणीही आणलेला नसतो. दुपारी एक वाजता मेळावा संपतो तेव्हा कार्यवाहांच्या गाडीच्या डिकीत सकाळपेक्षा अधिक कोरफड भरलेली असते. पुढील वर्षीच्या मेळाव्यात ती पिल्लांसह पुन्हा सादर होते, ही गोष्ट शाश्वत विकासाच्या व्याख्येत बसते की नाही याचा निर्णय तज्ज्ञांनी करावा.

मेळाव्याचे दुसरे अंग म्हणजे खतनिर्मितीची कार्यशाळा. ओल्या कचऱ्यापासून खत होण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण ३० ला १ असावे लागते, म्हणजे भाजीच्या देठांसारख्या नत्रयुक्त ओल्या मालाबरोबर वाळका पाला, नारळाचे सोडण, लाकडाचा भुसा असा कर्बयुक्त सुका माल भरपूर लागतो, एवढी एकच गोष्ट त्यात खरोखर सांगायची असते. ती दहा मिनिटांत सांगून होते. उरलेला दीड तास शंकासमाधानाचा असून त्यातील बहुतेक शंका या शंका नसून निवेदने असतात. “आमच्या डब्यात अळ्या झाल्या” हे निवेदन दर कार्यशाळेत किमान एकदा होते, आणि त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या असून त्या कचरा झपाट्याने फस्त करतात, सबब त्या उपकारकर्त्या आहेत, हे उत्तर ऐकून निवेदन करणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसल्याची नोंद नाही. जीवामृताच्या प्रात्यक्षिकास मात्र गर्दी चांगली होते. पद्मश्री सुभाष पाळेकर यांनी लोकप्रिय केलेल्या या द्रावणात २०० लिटर पाण्यामागे १० किलो शेण, तितकेच लिटर गोमूत्र, २ किलो गूळ आणि २ किलो बेसन असते. शेण आणि गोमूत्र ऐकेपर्यंत मागच्या रांगेतल्या गृहिणी आपापसांत बोलत असतात, बेसनाचा उल्लेख होताच वह्या उघडल्या जातात, आणि २ किलो हे प्रमाण एका कुंडीसाठी नसून एका एकरासाठी आहे असा खुलासा करावा लागतो.

रानभाजी महोत्सवाविषयी येथे थोडक्यात एवढेच, की टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली यांच्याविषयी माहितीपत्रके उत्तम निघतात, परंतु शेवळे विकत घेणाऱ्याने सोबत काकडाची फळेही घेतली आहेत ना हे पाहणारा एक जबाबदार इसम विक्रीच्या टेबलापाशी बसवणे आवश्यक आहे. शेवळात सुयांसारखे ऑक्सलेटचे स्फटिक असतात, आंबट काकड त्यांची खाज मारते, आणि पत्रक न वाचता शेवळे शिजवणारे कुटुंब निसर्गापासून निदान एक वर्ष तरी दूर जाते.

बियांच्या बाबतीत शहराने खेड्यापुढे मान तुकवावी हेच योग्य. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणी मातीच्या मडक्यांत राखून ठेवली, ती इतर शेतकऱ्यांपर्यंत पोचवली, आणि २०२० सालच्या पद्मश्रीच्या मानकरी झाल्या. देशी बियाण्याची पुढची पिढी मागच्या पिढीसारखीच निपजते, म्हणून ती जपण्याला अर्थ असतो. शहरी बीज-अदलाबदलीत लग्नपत्रिकेच्या पाकिटातून पुढे सरकवलेल्या टोमॅटोच्या बिया मात्र बहुधा बाजारातील संकरित फळांच्या असतात, आणि संकरित वाणाची संतती आईवर जाईल की आजोबांवर, हे पाकीट देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला सारखेच अज्ञात असते. पाकिटावर ‘टोमॅटो (बहुतेक)’ असे लिहिण्याची प्रथा यातूनच पडली असावी.

या सर्व नियोजित उपक्रमांहून जुना, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत यशस्वी असा सामुदायिक उद्यानोत्सव म्हणजे ब्रह्मकमळाची रात्र होय. पावसाळ्यात केव्हातरी एखाद्या गॅलरीतील लोंबत्या, चपट्या ‘पानां’वर कळ्या धरतात, त्या रोज थोड्या थोड्या वर उचलल्या जातात, आणि मग एका संध्याकाळी इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर “आज उमलणार” एवढाच निरोप येतो. रात्री दहाच्या सुमारास ज्या दारात एरवी फक्त देखभाल-शुल्काची थकबाकी मागायला लोक येतात, त्याच दारात चपलांचा ढीग पडतो. कुंडीला हळदकुंकू वाहिले जाते, उदबत्ती लागते, झोपेतून उठवून आणलेली मुले पिंजऱ्यातल्या वाघाकडे पाहावे तशी फुलाकडे पाहतात, आणि मसाला दूध घेत घेत हे फूल पाच, सात की बारा वर्षांनी उमलते याविषयी वाद होतो. वास्तविक नीट पोसलेल्या झाडाला एकाच पावसाळ्यात दोन-तीनदाही बहर येतो, पण हे मान्य केल्यास दूध आटवण्याचे कारण उरत नाही.

प्रत्येक इमारतीत एक आक्षेपक असतो. हे खरे ब्रह्मकमळ नव्हे, असे तो दर वर्षी सांगतो, आणि दर वर्षी तो बरोबर असतो. खरे ब्रह्मकमळ हिमालयात चार हजार मीटरच्या आसपास उगवते, ते सूर्यफुलाच्या कुळातले असून उत्तराखंडचे राज्यपुष्प आहे. गॅलरीत उमलणारे हे एपिफायलम ऑक्सिपेटॅलम नावाचे निवडुंग असून ते मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतले, आणि ज्याला सर्व जण पान म्हणतात ते त्याचे चपटे झालेले खोड आहे. जाणकारांच्या या माहितीचा जमलेल्या भाविकांवर काहीही परिणाम होत नाही, आणि होऊही नये. ज्या समाजाने दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा, तिथलाच शेंगदाणा आणि तिथल्याच कसाव्याचा साबुदाणा एकादशीच्या ताटात सोवळ्याने बसवला, त्याला मेक्सिकोच्या निवडुंगाला ब्रह्मदेवाशेजारी जागा देणे अवघड नव्हते. आक्षेपकाला दूध शेवटी मिळते, एवढीच काय ती शिक्षा.

मध्यरात्रीनंतर वास कमी होतो, पहाटेपर्यंत फूल मान टाकते, आणि सकाळी पाहुण्यांपैकी किमान चार जणी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेले एकेक ‘पान’ घेऊन जातात. ते मातीत खोचले की रुजते आणि दोन-तीन वर्षांत कळी धरू शकते. एकाही संस्थेने ब्रह्मकमळाचा प्रसार करण्याचा ठराव केल्याचे ऐकिवात नाही, तरीही डोंबिवलीपासून सोलापूरपर्यंत ते गॅलरीगॅलरीतून लोंबताना दिसते.

तरी ज्यांच्या कुंडीत यंदा कळी धरली असेल त्यांनी शेजाऱ्यांना रात्री दहाच्या आत कळवावे, दूध थोडे जास्त आटवावे, आणि पुढच्या ५ जूनला कार्यवाहांच्या डिकीतली निदान दोन कोरफडीची पिल्ले, प्रमाणपत्राचा आग्रह न धरता, घरी न्यावीत.