पायनघाटाची पाहणी

बढतीचा आनंद मनुष्याने किती काळ उपभोगावा याविषयी आमच्या खात्यात लेखी नियम नसला, तरी पेढे वाटून होतात न होतात तोच बदलीचा कागद हाती पडावा असा जुना शिरस्ता आहे. आणि त्या शिरस्त्यास अनुसरून मला असे कळविण्यात आले की, बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागातील मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव व जळगाव जामोद या पाच ठिकाणच्या जागा रिक्त असून त्यांविषयीचा आपला पसंतीक्रम मुदतीत सादर करावा, तसा तो सादर न झाल्यास आपणांस कोणतीही जागा पसंत आहे असे गृहीत धरण्यात येईल.

साताऱ्यात जन्मून साताऱ्यातच चाकरी केलेल्या मनुष्यापुढे हा केवढा पेच आहे, याची कल्पना त्या कागदावर सही करणाऱ्यास नसावी. कचेरीत मसलत घ्यावी म्हटले, तर हेडक्लार्कांनी नांदुरा म्हणजेच नंदुरबार असे समजून मला गुजरातच्या सरहद्दीविषयी बरीच उपयुक्त माहिती दिली, दुसऱ्या एका स्नेह्यांनी, कऱ्हाडच्या शेजारी एक मलकापूर आहे व शाहूवाडीकडे आणखी एक आहे एवढ्या भूगोलाच्या बळावर, "मलकापूर मिळत असेल तर बिऱ्हाड हलवायचं कारणच काय, रोज एस.टी.ने ये-जा करा," असा व्यवहारी सल्ला दिला. घरी हे प्रकरण निघाले, आणि तो सारा मुलूख तिकडे 'घाटाखालचा' म्हणून ओळखला जातो असे कोठूनसे कळले, तेव्हा तर आमच्या घरातून उत्साहाचीच लाट आली. "घाटाखाली म्हणजे चिपळूणसारखंच की हो! नारळ तरी स्वस्त मिळतील."

वस्तुस्थिती अशी की, अजिंठ्याच्या डोंगररांगेने या 13 तालुक्यांच्या जिल्ह्याचे दोन भाग केले असून, बुलढाणा, चिखली, मेहकर वगैरे गावे घाटावरच्या सुखद हवेत आहेत, आणि माझ्या कागदावरची पाचही गावे खालच्या, पूर्णा नदीच्या सपाट खोऱ्यात आहेत. जुन्या दफ्तरांत या प्रदेशाला वऱ्हाडचा पायनघाट म्हणत. तेथे समुद्र नाही, नारळ नाही, आणि मे महिन्यात पारा 45 अंशांस सहज स्पर्श करतो. जिल्ह्याची मुख्य कचेरी इंग्रजांनी घाटावर बुलढाण्यास नेऊन बसविली ती हवेकडे पाहूनच. त्यामुळे हुकूम घाट उतरून खाली येतात व अर्ज घाट चढून वर जातात, आणि चढणीला वेळ अधिक लागतो हे भौतिकशास्त्राच्याही विरुद्ध नाही.

तेव्हा प्रत्यक्ष पाहणीवाचून सही करायची नाही असे ठरवून मी रजा टाकली. बरोबर आमचे धाकटे मेहुणे आले. यांनी पूर्वी शेगावची वारी केलेली असल्यामुळे संपूर्ण वऱ्हाडचे तज्ज्ञ म्हणून त्यांची घरात नियुक्ती झाली होती, आणि ती त्यांनी नम्रपणे स्वीकारलीही होती.

कोल्हापूरहून गोंदियास जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस ही मुंबईचे तोंडही न पाहता राज्याचा एक कोपरा दुसऱ्यास जोडणारी गाडी आहे, आणि वाटेत कोणत्याही स्टेशनाचे मन मोडू नये असा तिचा स्वभाव आहे. दौंड, नगर, मनमाड करीत ती रात्रभर चालते. भुसावळ मागे पडले, बोदवड गेले, आणि मलकापूर येताच मेहुण्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून "दाजी, विदर्भ!" अशी घोषणा केली. बाहेर काळीभोर, भेगाळलेली जमीन क्षितिजापर्यंत पसरली होती. दक्षिणेला अजिंठ्याची निळसर रेघ, उत्तरेला सातपुड्याची तितकीच निळसर रेघ, आणि मधल्या मैदानात गतवर्षीच्या पऱ्हाटीची खुंटे. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1867 साली नागपुरास पोहोचला तो याच मैदानातून, आणि त्याला येथे वळण घेण्याचे काहीही कारण पडलेले दिसत नाही.

मुक्काम नांदुऱ्यास करावा असे ठरले, कारण मेहुण्यांनी नकाशावर बोटांनी मापे घेऊन ते गाव सर्वांच्या मध्ये येते असे सिद्ध केले होते. नांदुऱ्याच्या हमरस्त्यावर 105 फूट उंचीची हनुमंताची मूर्ती उभी आहे. ती 2001 साली उभारली. मुंबई-कोलकाता मार्गावरील मालमोटारींचे चालक तिला नमस्कार करण्यासाठी क्षणभर वेग कमी करतात, जे काम त्या मार्गावरील पाट्यांना साधलेले नाही. मेहुण्यांनी मान मागे टाकून मूर्ती न्याहाळली आणि त्या दिवसापासून प्रत्येक वस्तूचे माप हनुमंतात सांगण्यास आरंभ केला. लॉजची इमारत त्यांच्या हिशेबी पाव हनुमंतही भरली नाही.

मलकापूर आम्ही सकाळच्या प्रहरी पाहिले. विदर्भाचे प्रवेशद्वार म्हणून या गावाची ख्याती आहे, आणि प्रवेशद्वारात सहसा कोणी बिऱ्हाड मांडीत नाही हीच त्यातली अडचण. बुलढाण्यास रेल्वे नाही. म्हणून जिल्ह्याच्या गावी जाणारा जो तो येथे गाडीतून उतरतो, आणि मोताळ्यावरून राजूरचा घाट चढून निघून जातो. उतरण्याचा हा उद्योग चोवीस तास चालू असल्यामुळे गावात कोण राहते व कोण उतरले आहे हे नवख्यास उमगत नाही. बसस्थानकाजवळच्या चहावाल्यास मी राहण्याच्या दृष्टीने गाव कसे आहे असे विचारले, तेव्हा त्याने गाळणी झटकीत माझ्याकडे नीट पाहिले. "गाव चांगलं हाय, सायेब. पन पोरांची शाळा पाह्यजे असन त खामगाव घ्या."

खामगाव हे खरोखरच भरदार गाव आहे. चांदीची पेढी, कापसाचा बाजार, शाळा-महाविद्यालये, आणि दुपारच्या उन्हातही चालणारा व्यवहार. अमेरिकेत यादवी युद्ध पेटून लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला, तेव्हा साहेबाचे लक्ष वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळले. युद्ध संपले तरी ते लक्ष काही हटले नाही, आणि जलंब स्टेशनापासून खामगावपर्यंत केवळ कापसासाठी 13 किलोमीटरांचा एक फाटा टाकण्यात आला. 1870 साली त्याचे उद्घाटन करावयास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. हिंदुस्थानच्या अधिपतीने यावे आणि 13 किलोमीटरांचा रस्ता मोकळा करून परत जावे, ही घटना मला फार हृद्य वाटते. आजकाल तेवढ्यासाठी उपमंत्रीही मिळणे कठीण. तो फाटा अद्याप चालू आहे. गाडी जलंबहून खामगावास जाते आणि खामगावहून जलंबला येते, यापलीकडे तिची महत्त्वाकांक्षा नाही. तोच मार्ग पुढे जालन्यापर्यंत न्यावा ही मागणी शंभर वर्षांहून जुनी असून गावातील प्रत्येक वयोवृद्ध गृहस्थाजवळ तिच्या सर्वेक्षणांची एखादी तरी कथा आहे. आम्हांस एका कापड दुकानदाराने ती सांगितली, पडदे दाखविले, आणि शेवटी म्हणाला, "पन शांतता पाहात असान त शेगाव. इथं फार गजबज हाय, भाऊ."

शेगावविषयी मात्र मला विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण येथे प्रश्न गावाचा नसून नातलगांचा होता.

श्रीगजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 रोजी या गावी प्रकट झाले आणि 8 सप्टेंबर 1910 रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांनी समाधी घेतली. आणि तेव्हापासून आजतागायत या गावाकडे येणाऱ्यांचा ओघ खंडित झालेला नाही. संस्थानची व्यवस्था पाहून सरकारी माणसाने मान खाली घालावी. इतक्या गर्दीत कोठे कागदाचा कपटा नाही, आरडाओरड नाही. पांढऱ्या वेषातील सेवेकरी हात जोडून "माऊली, पुढे चला" म्हणतात, आणि लोक खरोखरच पुढे चालतात. मलाही एकाने माऊली म्हटले. तीस वर्षांच्या चाकरीत कोणी मला या शब्दाने हाक मारलेली नसल्यामुळे मी आधी मागे वळून पाहिले.

दर्शन झाले, प्रसाद झाला, आणि फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने स्टेशनावर विकावयास आरंभिलेली व पुढे गावाच्या नावाने सर्वत्र प्रसिद्धी पावलेली कचोरीही झाली. ती हिरव्या मिरचीसह खावी आणि त्यानंतर काही वेळ कोणाशी बोलू नये. मेहुणे मात्र बोलले. "दाजी, शेगावच घ्या. डोळे झाकून घ्या. दोन खोल्या जास्तीच्या बघा म्हणजे झालं." मी जास्तीच्या खोल्यांचे प्रयोजन विचारले, तेव्हा त्यांनी बोटे मोडून हिशेब मांडला: प्रकटदिनाला थोरली मावशी आणि तिची मंडळी, रामनवमीला कऱ्हाडकर, ऋषिपंचमीला वाईचे सर्व काका, आणि आषाढीहून पालखी परत येईल तेव्हा ज्यांना जसे जमेल तसे. शिवाय गुरुवार. "आणि आम्ही काय, घरचेच." हे संभाषण चालू असतानाच साताऱ्याहून दूरध्वनी आला, आणि पलीकडून थोरल्या मावशींचा आवाज ऐकू आला, भाचजावई शेगावला बदलून चालले ही वार्ता पसंतीक्रम भरण्यापूर्वीच कुलवृत्तांतात नोंदली गेली होती. माझी महाराजांवर श्रद्धा आहे. पण ज्या गावी माझ्या सासुरवाडीच्या प्रत्येक मनुष्यास येण्याचे धार्मिक कारण उपलब्ध आहे, त्या गावी बिऱ्हाड करण्याइतकी ती अद्याप दृढ झालेली नाही. मी मनातल्या मनात शेगाव पाचव्या क्रमांकावर उतरविले.

राहिले जळगाव जामोद. नांदुऱ्याहून उत्तरेस निघालेली एस.टी. येरळीला पूर्णेचा पूल ओलांडते आणि सातपुडा जवळ जवळ येऊ लागतो. हा खारपाणपट्टा. जमिनीखालचे पाणी खारट, आणि त्या पाण्याने मूत्रपिंडाचे विकार जडलेली माणसे ज्या घरांत आहेत ती घरे याच पट्ट्यात आहेत, म्हणून त्या चहाच्या चवीवर विनोद करण्याचा माझा विचार मी तेथेच सोडून दिला. शेजारी बसलेले धोतर-टोपीतले एक शेतकरी भेंडवळची हकीकत सांगत होते. जळगाव जामोद तालुक्यातील या गावी अक्षय्यतृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. सभोवती अठरा प्रकारचे धान्य, मध्ये पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याने भरलेली घागर, पापड, कुरडई, आणि पानावर सुपारी. रात्रभर तेथे कोणी फिरकत नाही. पहाटे जाऊन कोणते धान्य विखुरले, कोणते ढेकूळ किती भिजले हे पाहतात आणि वर्षाचे भाकीत सांगतात. सुपारी पानावर जागच्या जागी असली तर राजाची गादी कायम. दूरदूरचे शेतकरी आणि वृत्तपत्रांचे वार्ताहर ते ऐकण्यास जमतात, आणि शास्त्राचे अभिमानी लोक दरसाल त्याचे खंडन करतात. दोघांचाही नेम चुकत नाही.

मेहुण्यांनी पुढे वाकून विचारले, "काका, नोकरदारांच्या बदल्यांचं कळतं का हो त्यात?"

शेतकऱ्याने तंबाखूवरचा अंगठा थांबविला. "बदलीचं नाई सांगत त्याच्यात. बदलीसाठी बुलढान्याले जा लागते."

जळगाव जामोदहून परतल्यावर उरलेला वेळ घालवावा म्हणून, कोणताही निश्चय नसताना, मी नांदुऱ्यात एक घर पाहिले. खरे तर या गावाची शिफारस आम्हांस कोणीच केली नव्हती. लॉजच्या व्यवस्थापकानेही एवढेच म्हटले होते की, इथून कुठंही जाता येते. देवदर्शनास शेगाव जवळ, खरेदीस खामगाव जवळ, साहेबाच्या भेटीस मलकापुरावरून बुलढाणा. एखाद्या गावाचा मुख्य गुण त्यातून सहज बाहेर पडता येणे हा असावा, याचे मला प्रथम हसू आले. परंतु विचारांती असे दिसून आले की, शेगावास आलेला माझा कोणताही आप्त दर्शनानंतर भक्तनिवासातच मुक्काम करील आणि फार तर मला तेथे भेटावयास बोलावील, व हे अंतर विधात्याने अतिशय काळजीपूर्वक मोजलेले आहे.

घरमालक निवृत्त शिक्षक होते. मी भाडे विचारले, तर गुरुजींनी हातानेच मला थोपविले. "भाड्याचं काय घेऊन बसले, सायेब! पान्याचं इचारा नं." मग त्यांनी मला मागील दारी नेऊन दोन नळ दाखविले. "हे नगरपालिकेचं, प्याले. अन् हे बोअरचं, भांडे घासाले. याची अदलाबदल नाई कराची." टाकी किती दिवसांस पुरते, पाणी कोणत्या वारी येते, त्या वारी न आले तर कोणाकडे जावे, ही सर्व कलमे त्यांनी तोंडपाठ सांगितली. खिडकीबाहेर कूलर ठेवण्यासाठी लोखंडी घोडी ठोकलेली होती. आधीचे भाडेकरू ती मागे ठेवून गेले होते.

"तेही बदलीवरच आले होते का?" मी विचारले.

"हो नं. सहा महिन्यांसाठी आले होते. म्हने, आर्डर फिरवून घेतो."

"मग?"

"मंग काय! त्यांच्या पोरीचं लगन याच घरातून झालं. मांडव हा असा अंगनात होता."

मेहुणे मध्यंतरी गच्चीवर जाऊन आले होते, आणि तिची उंची बारावा हिस्सा हनुमंत असल्याचे त्यांनी जाहीर केले. इतक्यात घरून दूरध्वनी आला. मी दोन वाक्ये बोललो असेन नसेन, तोच पलीकडून मालकीणबाईंना फोन देण्याची आज्ञा झाली. साताऱ्याची बोली आणि वऱ्हाडी यांची ही पहिलीच गाठ; पण वाळवणाला गच्ची, तुरीची डाळ, घरी येऊन पोळ्या करून देणारी बाई आणि शेजाऱ्यांच्या सुना इतक्या विषयांचा समाचार घेताना दोघींना दुभाषाची गरज भासली नाही. गुरुजी आणि मी ओसरीवर बसून होतो. त्यांनी एकदा घड्याळाकडे पाहिले आणि सुपारी पुढे केली.

बऱ्याच वेळाने मालकीणबाई फोन परत देण्यास बाहेर आल्या. गुरुजींनी अद्याप न उच्चारलेले भाडे आत ठरले होते, व त्याहून पाचशे रुपये कमीही झाले होते.

"बाईशी बोलनं झालं माहं," त्या म्हणाल्या. "पलंग मातर कूलरच्या समोर नका ठेवू, त्यायनं सांगतलं. तुमाले सर्दी होते म्हने."