किल्लेदार

किल्लेदाराकडे चॅटवर पासवर्ड मागू नये. मागितलात तर उत्तर येत नाही, माणूस येतो. चहाचा कप हातात तसाच धरून तो तुमच्या डेस्कपाशी उभा राहतो. आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, मग मागच्या काचेत कुणाचं प्रतिबिंब पडतंय का तेही बघतो आणि हळूच विचारतो, "कशाला हवाय?" कामाला हवाय म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, "तुला हवाय की ॲप्लिकेशनला?" इथे भलेभले गप्प होतात, कारण खरं उत्तर 'ॲप्लिकेशनला' हेच असतं. मग तो समाधानानं घोट घेतो. "त्याला मिळेल. तू जा, जेवून ये."

असा एक किल्लेदार हिंजवडीपासून खराडीपर्यंत दर दोन मजल्यांमागे असतोच. व्हिजिटिंग कार्डावर डेव्हऑप्स, प्लॅटफॉर्म, एसआरई असं काहीबाही लिहिलेलं असतं आणि ते दर अप्रेझलला बदलतं. काम मात्र तेच राहतं. डेटाबेसचे पासवर्ड, पेमेंट गेटवेची की, एसएमएसवाल्यांचं टोकन अशी ढीगभर गुपितं सांभाळायची. नुसतं सांभाळायचं असतं तर गडी सुखी झाला असता. पण दोन ठिकाणी गेलेलं गुपित हे गुपितच नव्हे अशी त्याची श्रद्धा, आणि तेच गुपित चार ठिकाणी तंतोतंत पोचवायचं हा त्याचा धंदा. आमच्याकडे मूळ प्रत हॅशिकॉर्पच्या व्हॉल्टमध्ये असते. तिथून ती ॲमेझॉनच्या सीक्रेट्स मॅनेजरमध्ये जाते, एका क्लायंटच्या हट्टापायी अझूरच्या की व्हॉल्टमध्येही जाते, आणि शेवटी कुबरनेटीसच्या क्लस्टरमध्ये उतरते. त्यातही डेव्हचं डेव्हला, स्टेजिंगचं स्टेजिंगला, प्रॉडचं प्रॉडला. एकदा प्रॉडचं एसएमएस टोकन स्टेजिंगला गेलं आणि 'टेस्ट टेस्ट हॅलो' असा मेसेज खऱ्याखुऱ्या गिऱ्हाइकांना पोचला. काहींनी 'हॅलो' म्हणून उत्तरही धाडलं. किल्लेदार त्या दिवशी जेवला नाही.

ही ने-आण करायला यंत्रं आहेत. एक्स्टर्नल सीक्रेट्स ऑपरेटर नावाचं सॉफ्टवेअर ठरलेल्या वेळी, वेगळं काही सांगितलं नाही तर तासाभरानं, मूळ जागी डोकावतं आणि बदल झाला असेल तर क्लस्टरमधली प्रत बदलतं. स्क्रीनवर 'सिंक झालं' असं हिरवं अक्षरही उमटतं. किल्लेदाराचा त्या हिरव्यावर काडीचा विश्वास नाही. तो प्रत्येक ठिकाणच्या गुपिताचा हॅश काढतो आणि त्याची पहिली आठ अक्षरं शेजारच्या पोराला मोठ्यानं वाचून दाखवतो: "एफ, तीन, सी, नऊ..." पोरगा दुसऱ्या स्क्रीनवरून तेच म्हणतो. मधेच कुणी हसलं की पुन्हा पहिल्यापासून.

एवढं करून घोळ व्हायचा तो होतोच. एका रात्री स्टेजिंगचा डेटाबेस पासवर्ड घेईना. व्हॉल्टमधला पासवर्ड आणि क्लस्टरमधला पासवर्ड डोळ्यांना सारखेच दिसत होते, पण हॅश जुळेना. किल्लेदारानं बेस सिक्स्टी-फोरमधली ओळ उघडली, शेवटाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. टोकाला 'सीजी' आणि त्यापुढे दोन बरोबरची चिन्हं होती. कुणीतरी हातानं दुरुस्ती करताना 'एको' कमांडपुढे 'मायनस एन' लिहायला विसरलं होतं, त्यामुळे पासवर्डच्या शेपटीला न दिसणारी एक नवी ओळ चिकटली होती. हे तो नुसत्या नजरेनं ओळखतो. एरवी शेवटी 'के' किंवा 'ओ' आणि एक बरोबर आलं तरी त्याची भुवई वर जाते.

याच बेस सिक्स्टी-फोरवरून नव्या पोरांची परीक्षा होते. कुबरनेटीसच्या फाइलमधली ती अगम्य अक्षरं पाहून एखादी पोरगी म्हणते, "सर, हे एनक्रिप्टेडच आहे ना?" किल्लेदार दुखावल्यासारखा बघतो. "हे कुलूप नाही. कुणीही उलटं करून वाचावं असं आहे. ही फाइल तू गिटमध्ये टाकलीस ना, की मी राजीनामा दिला." मग उबरची कथा होते. २०१६ साली चोर त्यांच्या खासगी गिटहबमध्ये शिरले, तिथे ॲमेझॉनची की सापडली आणि तिच्या जोरावर ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. कंपनीनं चोरांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर तोंड उघडलं नाही. "खासगी होतं हं गिटहब," हे वाक्य तो दर वेळी दोनदा म्हणतो. पोरगी घरी जाऊन स्वतःच्या कॉलेजच्या प्रोजेक्टमधून पासवर्ड शोधते. किल्लेदाराला हे माहीत असतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो विचारतो, "पुसलास? आणि जुन्या कमिटमधला?"

पासवर्ड बदलायचा दिवस म्हणजे त्याच्या कुंडलीतली साडेसाती. मूळ जागी बदलला, प्रती बदलल्या, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम सुरू होताना वाचलेला जुनाच पासवर्ड उराशी धरून बसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून घेतलेलं गुपित रीस्टार्टशिवाय बदलत नाही. म्हणून तो डेटाबेसवर दोन युजर ठेवतो आणि आळीपाळीनं एकेकाचा पासवर्ड बदलतो. सगळे नव्यावर आले की मगच जुन्याकडे वळायचं. सगळे आले हे कसं ओळखायचं, असं विचारलं तर म्हणतो, "ओळखता येत नाही. वाट बघायची."

घरी त्याचं काहीच चालत नाही. वायफायचा पासवर्ड चोवीस अक्षरांचा, त्यात डॉलर आणि कंसही. पाहुण्यांना तो सांगताना चहा गार होतो. शेवटी आईनं तो कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी लिहून ठेवला. ह्यानं काही न बोलता पासवर्ड बदलला. आईनंही काही न बोलता जुन्यावर काट मारून खाली नवा लिहिला. आता त्या भिंतीवर गिटसारखा सगळा इतिहास आहे, आणि तो वाचायला दूधवाल्याला मनाई नाही.

व्हॉल्टचा सर्व्हर रीस्टार्ट झाला की तो मोहोरबंद होतो, आणि उघडायला किल्लीचे पाच तुकडे पाच जणांकडे असतात. त्यातले कुठलेही तीन पुरतात. यामागचं गणित आदी शमीर यांनी १९७९ साली मांडलं. किल्लेदार त्याला सभासदाच्या बखरीतली व्यवस्था जोडतो: शिवाजी महाराजांच्या किल्ल्यावर हवालदार, सबनीस, सरनोबत असे तिघे बरोबरीच्या दर्जाचे, म्हणजे एकट्याला किल्ला देऊन टाकता येऊ नये. मॅनेजर म्हणाला, क्लाउडच्या कीनं आपोआप उघडायची सोय आहे की. किल्लेदार म्हणाला, "आणि त्या कीची की कुणाकडे?" विषय संपला.

गेल्या गणपतीत नेमका तो सर्व्हर रीस्टार्ट झाला. एक तुकडेवाला कॅनडात झोपलेला, एकाचा तुकडा बँकेच्या लॉकरमध्ये आणि बँकेला सुट्टी. एक तुकडा पुण्यातच मिळाला, एक किल्लेदाराचा स्वतःचा. तिसरा धनी कोकणात, आरतीला उभा. "फोनवर सांगतो, लिहून घे," तो म्हणाला. "फोनवर? लॅपटॉप घे आणि रेंज असेल तिथे जा," असं सांगून किल्लेदारानं त्याला रात्री टेकडीवर चढवलं.

खरी गंमत अशी की दिवसभर कुणालाच काही जाणवलं नव्हतं. मूळ पेटी बंद पडली, तरी क्लस्टरमधल्या प्रती होत्या तशाच होत्या, ॲप्लिकेशनं त्यांवर मजेत चालली होती. मॅनेजर मोदक खात म्हणाला, "चालतंय ना? मग सुट्टीनंतर बघितलं असतं." ज्या प्रतींवर किल्लेदाराचा आयुष्यभर विश्वास नव्हता त्यांनीच त्याला उघडं पाडलं होतं. तो काही बोलला नाही. पेटी उघडल्याबरोबर त्यानं त्याच रात्री स्टेजिंगचे झाडून सगळे पासवर्ड बदलले आणि एकेक पॉड रीस्टार्ट केला. सुट्टी संपल्यावर ज्यांनी जुना पासवर्ड चोरून आपापल्या लॅपटॉपवर ठेवला होता ते सगळे त्याच्या डेस्कपाशी रांगेत उभे होते. मॅनेजर तिसरा होता.

"एकेक जण या," किल्लेदार म्हणाला. "आणि मोबाइल बाहेर ठेवून."