दोन कण्यांचा माणूस

योशिईंना दोन कणे आहेत. घरचा ताठ, कचेरीतला कमरेपाशी बिजागरी असलेला. सकाळी अंगणात बनियनवर ते कवायत करतात, ती बहुधा बिजागरीला गंज चढू नये म्हणून.

यासुजिरो ओझूच्या १९३२ सालच्या ‘जन्माला आलो खरा, पण...’ या मूकपटातले हे गृहस्थ. भूमिका तात्सुओ साइतोची. टोकियोच्या उपनगरात त्यांनी नवं बिऱ्हाड थाटलंय. मोकळ्या हवेसाठी म्हणावं, तर त्यांचे वरिष्ठ इवासाकीसाहेब यांचं घर अगदी जवळ! कचेरीतल्या मंडळींना यातली मेख बरोबर कळते. भेटायला जाण्यात वेळ दवडण्यापेक्षा माणसाने तिथेच राहायला जावं, हा हिशेब त्यांना का सुचला नाही, एवढीच त्यांची हळहळ.

घरी मात्र योशिई म्हणजे साक्षात दरारा. शाळा बुडवली की कडक बोलणी. र्‍योइची आणि केजी या दोन्ही पोरांच्या मते जगात बाबांएवढा मोठा माणूस नाही. पोरांचं राज्यही न्याय्य आहे. चिमणीची कच्ची अंडी खाऊन ताकद कमवायची आणि दादागिरी मिळवायची. म्होरक्याने खूण केली की समोरच्याने मेल्यासारखं जमिनीवर पडायचं. साहेबांचा तारोसुद्धा निमूट आडवा होतो. बाप ज्या घरापुढे लवतो, त्याच घरचा वारस लेकाच्या इशाऱ्यावर धुळीत!

मग साहेबांकडे सिनेमाचा खेळ होतो. साहेबांना कॅमेऱ्याचा नाद. झेब्रा पांढऱ्यावर काळा की काळ्यावर पांढरा, असा पोरांचा वाद रंगात आलेला, आणि पडद्यावर येतात बाबा. साहेबांना हसवण्यासाठी वेडीवाकडी तोंडं करणारे. खोली हसून लोळते. दोन पोरं सोडून.

अशा माणसाला लाळघोट्या म्हणून मोडीत काढता येईल, पण मला ते जमत नाही. योशिई हे काम फार मन लावून करतात. विदूषकीही नोकरीचाच भाग, फक्त पगारपत्रकात तिचा रकाना नाही. चूक एवढीच, की प्रेक्षकांत घरची माणसं असतील हे त्यांनी धरलं नव्हतं.

घरी रणकंदन. साहेबांपुढे वाकायचं कशाला? ते पगार देतात म्हणून. मग घेऊ नका! नाही घेतला तर खाल काय? ठीक आहे, जेवणार नाही. पोरं खरंच उपोषणाला बसतात. बापाच्या अर्थशास्त्रातलं एकमेव कलम त्यांनी असं निकालात काढलं की योशिईंना त्या रात्री प्यायला बसावं लागलं.

सकाळी आईने वळलेल्या भाताच्या मुटक्यांपुढे उपोषण टिकत नाही. बाप शेजारी बसून धाकट्याला विचारतो, मोठेपणी कोण होणार?

लेफ्टनंट जनरल.

जनरल का नाही?

ती जागा दादाची आहे.