पाच मिनिटांची कुदळ

वर्ध्यात आळशी माणसाचं फार अवघड आहे. इतर जिल्ह्यांत भरदुपारी लोळत पडलेल्या माणसाला फार तर बायको बोलते. इथे गांधीजी आणि विनोबाही बोलतात. म्हणजे ते स्वतः नाही; त्यांच्या वतीने गल्लीतला कोणीही बोलतो. लहानपणी शाळेत रिक्षाने जायचा हट्ट धरला की आजोबा सुरू करत, ‘बापू १९३६ च्या एप्रिलात वर्ध्याहून शेगावला पायी गेले, ६६ वर्षांचे असताना!’ शेगाव म्हणजे आजचं सेवाग्राम. एप्रिलचा वर्धा ज्याने पाहिला आहे त्याला यावर बोलायला काही उरत नाही. मी दप्तर उचलून चालू लागे आणि मनातल्या मनात मुंबईकरांचा हेवा करी. तिथे थोर माणसं रेल्वेने जात असावीत.

पुढे वाढत्या पोटाने मला हनुमान टेकडीवर आणून सोडलं. आमचा टेकडी ग्रूप आहे. त्यात निवृत्त मास्तर आहेत, बँकेतले आहेत, कापसाचे व्यापारी आहेत. चालण्यापेक्षा चर्चा जास्त होते आणि चर्चेपेक्षा तर्री-पोहे. पोह्यांवर तर्री ओतून घेताना सर्वांचं एका मुद्द्यावर मात्र एकमत असतं: ‘विल पॉवर पायजे जी! एकदा का मनात धरलं, की मग व्यायाम आपोआप होते.’ आधी निर्धार, मग व्यायाम. आमचा निर्धार रविवारी होतो. व्यायाम सोमवारी असतो. आणि सोमवारी कोणाच्या तरी साळ्याचं लग्न असतं.

हा क्रमच उलटा आहे, हे मला विनोबांमुळे कळलं. ज्यांचं नाव घेऊन जन्मभर धाक दाखवला गेला, त्यांच्याकडेच सुटका सापडावी, हा भाग वेगळा.

१९३८ साली विनोबांची तब्येत पार ढासळली होती. वजन ८८ पौंड, म्हणजे अवघं चाळीस किलो. आमच्या ग्रूपमध्ये एवढं वजन काही जणांचं कमरेखालीच भरेल. हवापालटाला कुठेतरी जा, असा गांधीजींचा आग्रह. विनोबा गेले, पण पवनारला! वर्ध्यापासून पाचेक मैलांवर, धाम नदीच्या काठी, टेकाडावरच्या जमनालाल बजाजांच्या बंगल्यात. हवापालटासाठी वर्ध्याहून पवनारला जाणाऱ्या माणसाला विनोदाचं अंग नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

अंगात त्राण नव्हतं, म्हणून मोटारीने नेलं. धामचा पूल ओलांडताना त्यांनी सगळं सोडल्याचं तीनदा उच्चारलं. सगळ्या चिंता, सगळ्या कामांचे विचार तिथेच नदीत. (मीही आलूबोंड्याच्या गाडीसमोर तीनदा म्हणून पाहिलं. गाडीवाल्याने तीन बांधून दिले.)

आणि मग या चाळीस किलोच्या माणसाने कुदळ घेतली. औषध नाही, टॉनिक नाही, शेत खणायचं. पहिल्या दिवशी किती? पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी सात. अशी रोज दोन-दोन मिनिटं चढवत ते तासावर पोचले. काही महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. व्यायामाने वजन वाढवून दाखवणारा आणि त्याबद्दल सगळ्यांना आनंद झालेला आमच्या जिल्ह्यातला हा एकच माणूस.

ती पाच मिनिटं वाचली तेव्हा मला जो आनंद झाला तो शब्दांत सांगणं कठीण आहे. ज्यांच्या नावाने गल्लीने मला जन्मभर धाकात ठेवलं, त्यांची सुरुवात पाच मिनिटांची! एवढं तर मी टीव्हीचा रिमोट शोधताना करतो.

पण जरा विचार केला आणि आनंद ओसरला. पाच मिनिटं खणणं सोपं आहे. पाचव्या मिनिटाला थांबणं फार अवघड. पहिल्या दिवशी कोणालाही जोर चढतो. आमच्या ग्रूपमधल्या एका व्यापाऱ्यांनी जिमची वर्षाची फी एकदम भरली, पहिल्याच दिवशी दीड तास घाम गाळला आणि पुढचा आठवडा जिना उलटं तोंड करून उतरण्यात घालवला. हात चालत असताना कुदळ खाली ठेवायची, ही मनाला घातलेली पहिली वेसण. दुसऱ्या दिवशी शरीराला कुरकुर करायला कारणच सापडत नाही. दुखतही नाही, भीतीही वाटत नाही. मन ‘आज नको’ म्हणायला तोंड उघडेपर्यंत सात मिनिटं संपलेली असतात. म्हणजे निर्धाराची गरज पडण्याआधीच काम उरकतं, आणि असं रोज उरकता उरकता तो येऊन बसतो, न बोलावलेल्या पाहुण्यासारखा. मोटारीतून पूल ओलांडावा लागलेला हाच माणूस १९५१ साली भूदानासाठी पायी निघाला तो १९६४ मध्येच पवनारला परतला. तेरा वर्षं! त्याआधी १९५० मध्ये कांचनमुक्तीचा प्रयोग मांडून पवनारच्या शेतीतून बैलही वगळले. विहिरीचा रहाट आश्रमातली माणसं स्वतः फिरवत. आमच्या ग्रूपला हे सांगितल्यावर मास्तर विचारात पडले आणि म्हणाले, ‘बैलाईचं बरं झालं.’

पाच मिनिटांचं महत्त्व खऱ्या अर्थाने कोणाला कळलं असेल, तर आमच्याकडच्या भरतीच्या पोरांना. पहाट फुटायच्या आत नागपूर रोडवर जा, देवळी रोडवर जा. पोलीस भरतीची पोरं-पोरी अंधारात धावत असतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. पोरांना पूर्ण वीस गुण हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. वर गोळा आहेच, पोरांचा ७.२६ किलोचा. एवढ्याशा वेळासाठी ही लेकरं वर्ष-वर्ष रस्ता तुडवतात. भरती लांबते, तारखा पुढे जातात, यांचं धावणं सुरूच. कापसाचा भाव पाहून शेतीत राहायचं धाडस बापाला झालं नाही, ते पोराच्या पायांत उतरलेलं असतं. ‘विल पॉवर’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तेवढा दम शिल्लकच नसतो. मी रस्त्याच्या मधोमध हात झुलवत चाललो होतो, तर मागून एक पोरगी ओरडली, ‘काका, साइडनं चाला ना जी, टायमिंग लावलं आहे!’ मी साइडला झालो. काट्यात झालो, पण झालो.

हे सगळं घरी येऊन सांगण्यात माझा हेतू केवळ ज्ञानदानाचा होता. बायकोने शांतपणे ऐकून घेतलं, माळ्यावरून कुदळ काढली आणि म्हणाली, ‘अहो, मागच्या अंगणात आवळा लावायचा आहे कधीचा. पाचच मिनिटं.’

मे महिन्यातली वर्ध्याची काळी माती ही माती नसते. वरून भेगा आणि आत सिमेंट. पहिल्या दिवशी माझ्या कुदळीने जमिनीवर एक ओरखडा उमटला. दुसऱ्या दिवशी मी तो शोधत होतो. पण मोबाईलवर गजर लावून बायको पायरीवर बसलेली. गजर होताच ‘ठेवा’ म्हणायची आणि मी एक घाव जास्त घालू लागलो तर रागवायची. तिने मला खणू दिलं त्यापेक्षा थांबवलंच जास्त. मिनिटं वाढत गेली. ओरखड्याचा खड्डा झाला, खड्डा गुडघाभर झाला, आवळा नर्सरीतून येऊन कुंडीत वाट पाहू लागला, आणि तरी मी खणतच होतो. कारण एका संध्याकाळी असं लक्षात आलं, की थांबायचं मनच होत नाही.

शेजारचे काकाजी बरेच दिवस कुंपणावरून बघत होते. अखेर त्यांना राहवलं नाही. खड्ड्यात डोकावून अगदी हळू आवाजात म्हणाले, ‘काहून जी, बोअर फेल गेला का तुमचा?’