कंट्रोलचे आबा

गंगापूरच्या तहसील कचेरीचं कुलूप काढायला शिपाई येतो, तेव्हा आबा पायरीवर आधीच बसलेले असतात. स्वतःचं काम असेलच असं नाही. कधी शेजाऱ्याचं असतं, कधी नुसतीच देखरेख. प्रत्येक तालुक्याला असे एक आबा असतात. शासनाने पद मंजूर केलेलं नाही, एवढंच. मांडीवर कपाशीच्या बियाण्याबरोबर फुकट आलेली पिशवी आणि त्या पिशवीत आबांचं अख्खं आयुष्य, तेही तीन-तीन प्रतींत.

आबांचं रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं. माणशी पाच किलो. घरात आबा आणि आजी, म्हणजे दहा. शेजारीही दोघंच, पण त्यांचं कार्ड अंत्योदय, म्हणजे कार्डामागे सरसकट 35. या वरच्या पंचवीस किलोंनी आबांना तहसीलची वाट दाखवली, ती पुढे सुटलीच नाही. "मी काय त्यांच्यापरीस कमी गरीब हाये का?" हा सवाल आजवरच्या प्रत्येक पुरवठा निरीक्षकाने ऐकलाय. जानेवारी 2023 पासून कंट्रोलचं धान्य फुकट झालं तेव्हा गल्लीला आनंद झाला, आबा मात्र जरा हिरमुसले. गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो होता तेव्हा सुट्ट्या पैशांवरून दुकानदाराशी चार शब्द व्हायचे. फुकटच्या मालावर कोण कशाला भांडेल!

उत्पन्नाच्या मर्यादा आबांना तोंडपाठ. धान्यासाठी खेड्यात 44 हजार, शहरात 59 हजार. गंगापूर नगरपरिषदेचं गाव, म्हणून इथे 59. "आपल्याला पंधरा हजार जास्त कमवायची मुभा हाये," हे ते खेड्यावरून आलेल्या पाहुण्याला चहा पाजून ऐकवतात. श्रावणबाळच्या पेन्शनला मात्र मर्यादा 21 हजारांची. म्हणजे तोच माणूस, तोच सदरा, पण एका टेबलाला थोडा गरीब आणि दुसऱ्या टेबलाला बराच गरीब असावा लागतो. दोन टेबलांमधलं अंतर जेमतेम दहा पावलं. तेवढ्यात आबांचा चेहरा अचूक 38 हजारांनी उतरतो.

जावयाचं कार्ड केशरी, त्यामुळे ते आबांच्या लेखी बड्या लोकांत मोडतात. मराठवाडा-विदर्भातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी खात्यावर महिन्याला माणशी दीडशे रुपये द्यायचं 2023 मध्ये ठरलं, त्यावर आबांनी जावयाला एकच विचारलं, "दीडशेची नोट जात्यात टाकली तर पीठ पडंल का?" जावई काही बोलले नाहीत. जावयांना आबांपुढे बोलायची सवय नाही.

कागद सांभाळण्याच्या नादात आबांच्या हातून एकदा इतिहास घडला. त्यांनी हयातीचा दाखला लॅमिनेट करून आणला. आता फाटायची भीती नाही, भिजायची नाही. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "आबा, हा दरवर्षी नवा लागतो." आबांनी प्लॅस्टिकवरून हात फिरवला. "बाई, मी तर जुनाच हाये की!" बाईंकडे यावर कोणताही जीआर नव्हता.

एवढ्या जय्यत तयारीचा माणूस हरला तो दुकानातल्या चार बोटं रुंदीच्या यंत्रापुढे. ई-केवायसीचं फर्मान निघालं, तेव्हा मुदती पुढेपुढे जातात हे ठाऊक असूनही आबा पहिल्याच दिवशी पिशवीसकट हजर. यंत्राने पिशवीकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला हवा होता अंगठा. आणि अंगठा विळ्याच्या मुठीने, नाड्याच्या पिळाने केव्हाच गुळगुळीत झालेला. अंगठा साबणाने धुतला, धोतराला पुसला, कुणाच्या तरी सल्ल्याने डोक्यावरून फिरवून तेलकट केला. यंत्र म्हणे, जुळत नाही. दुसरं बोट, तिसरं बोट. मागून आजी आल्या, पदराला हात पुसून बोट टेकवलं, आणि यंत्र गोड आवाजात वाजलं. आजींनी आयुष्यात एक झेरॉक्स काढलेली नाही. त्या दिवशी आबा पिशवी आजींकडे देऊन पुढे चालू लागले, असं बघणारे सांगतात. मी पाहिलेलं नाही.

नातू वाळूजला कंपनीत. त्याने तिथल्याच रेशन दुकानात आपलं बोट लावून मिनिटात काम उरकलं, हे ऐकून आबांना फारसा आनंद झाला नाही. चकरा मारल्याशिवाय झालेल्या कामावर त्यांचा भरवसा नसतो. पुढे दुकानात डोळ्याचं यंत्र आलं तेव्हा सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, आबांनी शंका काढली, "मोतीबिंदू काढलाय माझा. डोळा नवा, आधार जुनं. उद्या मलाच म्हणाल, हा माणूस कोण?" डोळा मात्र पहिल्या झटक्यात जुळला. आबांनी त्याचीही पावती मागून घेतली आणि समोरच्या दुकानात जाऊन तीन प्रती काढल्या.

परवा एक गृहस्थ श्रावणबाळचा अर्ज घेऊन बिचकत पायरीशी आले. आबांनी त्यांना आपादमस्तक न्याहाळलं.

"वय किती?"

"बासष्ट."

"पोरगंच हाये आजून," आबा म्हणाले. "पासष्ट लागतात. तीन वर्सांनी ये. झेरॉक्स मातर आजच काढून ठेव."