कापलेल्या बुलेटला सव्वादोन लाख मागणाऱ्यास



तुमच्या शेडमधल्या, बॉबर केलेल्या त्या काळ्या बुलेटचे तुम्ही सव्वादोन लाख सांगितलेत आणि वर म्हणालात, "हौसेला मोल नसतं, मामा." हौसेला नसेल, गाडीला असतं. ते कसं काढायचं हे या धंद्यात मुरलेल्या तुम्हाला नीट ठाऊक आहे आणि तरीही तुम्ही माझ्या भाच्याला तो आकडा सांगितलात, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय.

रंगकाम उत्तम आहे. ज्याला एवढं झाकायचंय त्याला ते उत्तमच करावं लागतं. सीट उचला म्हटल्यावर तुमचा चेहरा पडला, तेव्हाच मला पुढचं कळलं. २०१२ च्या क्लासिक ३५० च्या चेसिसचे मागचे दोन्ही नळ कापून तिथे वाकवलेला पाइप जोडलाय. वेल्डिंगचा फुगवटा ग्राइंडरने घासून सपाट केलाय, त्यावर पुट्टी, त्यावर काळा रंग. डावीकडच्या जोडावर रंगात केसाएवढी चीर होती. नखाने दाबलं तर पापुद्रा सुटला आणि खाली गंज दिसला. शॉकअपचं वरचं टोक त्या जोडापासून चार बोटांवर आहे. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट तिथे बसणार. नळ जोडायचाच असेल तर आतून स्लीव्ह घालतात आणि वेल्डिंग उघडं ठेवतात, म्हणजे तडा गेला तर दिसतो. तुम्ही जोडाची ताकद घासून काढलीत आणि तडा दिसायची सोयही बुजवलीत.

मीटर म्हणे फक्त नऊ हजार किलोमीटर. या गाडीचं मूळ मीटर पुढच्या चाकावरून केबलने चालतं. तुम्ही चाक बदललंत, मीटर काढलंत आणि बाजारातलं डिजिटल मीटर बसवलंत. ते नऊ हजार त्या नव्या मीटरचे आहेत, इंजिनाचे नाहीत. इंजिन किती चाललंय हे सर्व्हिसच्या जुन्या बिलांवर सापडलं असतं. बिलं मागितली तर म्हणालात, "पहिल्या मालकाकडं असतील."

चेसिसच्या गळ्यावरचा नंबर पावडर कोटिंगखाली इतका बुजलाय की टॉर्च लावूनही निम्मे आकडे बोटाने चाचपावे लागले. आरसीवर दोघांची आसनक्षमता, गाडीवर एकच सीट. आरसीवरचा रंगही वेगळा.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला तपशील उत्पादकाच्या मूळ नमुन्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करायचा नाही. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या प्रकरणात हेच पुन्हा ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड. पण त्याच कलमात एक सूट आहे, ती तुम्ही वाचाच. गाडी नियमात कुठे बसत नाही हे विकताना समोरच्याला सांगितल्याचं सिद्ध केलं, तर विक्रेत्याला त्या कलमाखाली दोषी धरत नाहीत. म्हणजे कायदा तुमच्याकडे फक्त खरं बोलणं मागतो. तेवढंही तुम्हाला जमलं नाही. १ एप्रिल २०२३ पासून वापरलेल्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र लागतं. ते दाखवा म्हटलं, तर तुम्ही चहा मागवलात.

आता किंमत. हात न लावलेल्या २०१२ च्या क्लासिकला पुण्यात आज जो भाव आहे, तिथून सुरुवात करायची. त्यातून चेसिस पूर्ववत करण्याचा खर्च वजा करायचा, मग मडगार्ड, दोन्ही चाकं, सीट, मीटर, सायलेन्सर आणि तोडलेलं वायरिंग. तुम्ही टाकीवर, हँडलवर, लेदरच्या सीटवर किती ओतलेत ते यात कुठेच येत नाही. ती तुमची आवड होती, तिचे पैसे पुढच्याने का द्यावेत? मूळ सुटे भाग पोत्यात बांधून कोपऱ्यात ठेवले असतेत, तर गाडीचं मोल टिकलं असतं. तुम्ही ते भंगारात घातलेत, हे तुम्हीच अभिमानाने सांगितलंत.

गाड्या मनापासून बांधणारे कारागीर मला माहीत आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ते शक्यतो चेसिस कापत नाहीत. नटबोल्टने बसवतात, म्हणजे पुढच्याला उतरवता येतं. रंग चढण्याआधीचे फोटो ठेवतात, प्रत्येक भागाचं बिल देतात, विमा कंपनीला बदल कळवायला सांगतात. कारण न कळवलेल्या बदलामुळे अपघातानंतरचा दावा अडकतो आणि तो अडकतो चालवणाऱ्याचा. तुमचा तो उघडा सायलेन्सरही तसाच. पुण्याचे वाहतूक पोलीस असे सायलेन्सर उतरवून रोडरोलरखाली घालतात. दंड भरतो तो पोरगा. तुम्ही तोवर पैसे मोजून हात वर केलेले असता.

याच शहरात वेताळ टेकडीच्या कुशीत एआरएआय ही गाड्यांची चाचणी घेणारी संस्था आहे. गाडीचं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी अशा संस्थेत त्याचे ब्रेक, दिवे, आवाज, धूर तपासले जातात, तेव्हा त्याला मान्यता मिळते. तुम्ही एका ग्राइंडरने ती सगळी मेहनत पुसता आणि त्याबद्दल दुप्पट भाव मागता. माझ्या भाच्याने हिंजवडीतल्या पहिल्या नोकरीतून पैसे साठवले होते. पावसाळ्यात वरंध घाट उतरायचं त्याच्या मनात होतं, त्या जोडावर बसून. तुमच्या दारात त्याच्यासारखी पोरं रोज येतात आणि प्रत्येकाबरोबर मामा नसतो.

म्हणून एवढंच करा. त्या गाडीची जाहिरात उतरवा. विकायचीच असेल तर इंजिन आणि सुटे भाग वेगळे विका, नाहीतर चेसिस कुठे कापलीय, मीटर कधी बदललंय आणि आरसीशी काय काय जुळत नाही, हे सहीनिशी कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि मग भाव सांगा.

आपला,
त्या मुलाचा मामा, कोथरूड